पोर्ट ऑफ स्पेनमध्ये कमी खर्चात राहायचंय? खोली ठरवण्यापासून चेक-आउटपर्यंत

त्रिनिदादच्या राजधानीत आपल्याकडून कुणी क्रिकेटसाठी जातं, कुणी कार्निव्हलसाठी, तर कुणी तेल-वायू कंपन्यांच्या कामासाठी. मोठ्या हॉटेलांचे दर झेपत नाहीत आणि गेस्ट हाउसांबद्दल मराठीत फारसं काही सापडत नाही. मी तिथे स्वतःच्या खिशातून राहिले आहे, ते डोक्यात ठेवूनच हे लिहिते आहे.

आधी एक महत्त्वाचं. या शहरात खोलीचा दर एकटा बघून स्वस्त-महाग ठरवू नका. संध्याकाळी जेवायला बाहेर पडायचं तर टॅक्सी लागणार का, सकाळचा नाश्ता चालत जाऊन मिळतो का, नळाला पाणी कायम असतं का, हे सगळं हिशेबात धरा. रोजचे दहा-पंधरा डॉलर वाचवायला लांबची खोली घेतली, तर ते पैसे टॅक्सीतच जातात.

१. तिकिटाच्याही आधी: पिवळ्या तापाची लस

सगळ्यात मोठी फसगत इथे होते. जाताना या लसीचं कुणी विचारतच नाही, कारण भारतातून येणाऱ्याला त्रिनिदाद ती मागत नाही. पण परत येताना भारत मागतो. पिवळ्या तापाचा धोका असलेल्या देशांच्या भारताच्या यादीत त्रिनिदाद बेट आहे. प्रमाणपत्र नसेल तर मुंबईत उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं, म्हणून निघायच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही. सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. मुंबईत पोर्ट हेल्थ आणि एअरपोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशनची केंद्रं आहेत. आधी नोंदणी करा आणि मूळ पासपोर्ट बरोबर न्या. मिळालेल्या पिवळ्या कार्डावर नाव पासपोर्टप्रमाणेच आहे ना, पासपोर्टचा नंबर बरोबर आहे ना आणि शिक्का नीट उमटलाय ना, हे खिडकीवरून हलण्याआधी तपासा. कार्ड आयुष्यभर चालतं. साठीच्या पुढच्या माणसांनी, गरोदर बायकांनी आणि अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलायलाच हवं.

२. कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी ९० दिवसांपर्यंत त्रिनिदादचा व्हिसा लागत नाही. तरी निघण्यापूर्वी दिल्लीतल्या त्यांच्या हाय कमिशनकडून खात्री करून घ्या. अडचण वाटेतल्या देशांची असते. विमान अमेरिकेतून असेल तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो, मग तुम्ही विमानतळाबाहेर पाऊल टाका वा टाकू नका. लंडन आणि टोरांटोमार्गे जातानाही ट्रान्झिटचे नियम आहेत. स्वस्त तिकीट दिसलं म्हणून लगेच पैसे भरू नका, आधी मार्ग बघा.

हातातल्या बॅगेत हे ठेवा:

- पासपोर्ट, निदान सहा महिने मुदत शिल्लक असलेला
- परतीचं तिकीट, छापील
- खोलीचं बुकिंग, पूर्ण पत्ता आणि फोन नंबरासकट
- पिवळ्या तापाचं कार्ड आणि त्याचा फोनवर फोटो
- प्रवास विमा
- आंतरराष्ट्रीय वापर सुरू केलेलं कार्ड आणि थोडे रोख अमेरिकी डॉलर, सुट्या नोटांत

इमिग्रेशनचा अधिकारी ‘कुठे राहणार’ हे विचारतोच. गेस्ट हाउसचं नुसतं नाव पुरत नाही, रस्त्याचं नाव आणि घर क्रमांक सांगावा लागतो. कार्डाचंही लक्षात ठेवा: रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवी कार्डं फक्त देशांतर्गत वापरासाठी सुरू असतात. परदेशातला वापर बँकेच्या ॲपमधून आपण स्वतः चालू करायचा असतो. हे घरून निघण्यापूर्वी करा, कारण तिथे गेल्यावर भारतातल्या सिमवर ओटीपी येईलच असं नाही.

३. तारखा

कार्निव्हल ॲश वेन्सडेच्या, म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळ सुरू होतो त्या बुधवारच्या, आदल्या सोमवारी आणि मंगळवारी असतो. २०२७ साली तो ८ आणि ९ फेब्रुवारीला आहे. त्या आठवड्यात साध्या गेस्ट हाउसचा दरही दुप्पट-तिप्पट होतो. बरेच जण एक-दोन रात्रींसाठी खोली देतच नाहीत, अख्खं पॅकेज घ्यावं लागतं. कार्निव्हल बघायचाच असेल तर खोली कित्येक महिने आधी धरा. बघायचा नसेल तर तो आठवडा सोडून द्या.

जानेवारी ते मे कोरडा मोसम, जून ते डिसेंबर पावसाचा. त्रिनिदाद बरंच दक्षिणेला असल्यामुळे कॅरिबियनमधली बहुतेक चक्रीवादळं त्याच्या उत्तरेकडून निघून जातात, पण पावसाने रस्ते तुंबतात.

क्रिकेटसाठी जाणाऱ्यांनी तिकिटावरचं मैदान नीट वाचावं. वुडब्रुकच्या शेजारचं क्वीन्स पार्क ओव्हल वेगळं आणि तारूबाचं ब्रायन लारा स्टेडियम वेगळं. तारूबा दक्षिणेला, सॅन फर्नांडोजवळ आहे. सामना तिथे असेल तर पोर्ट ऑफ स्पेनमध्ये खोली घेऊन रात्री परतणं महागात पडतं. ओव्हल मात्र नुसतं बाहेरून बघायलाही जा. १९७१ च्या मार्चमध्ये अजित वाडेकरांच्या संघाने याच मैदानावर वेस्ट इंडीजला हरवलं. त्यांच्याविरुद्धचा भारताचा तो पहिला कसोटी विजय. मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी त्यात शतक ठोकलं आणि सुनील गावसकरांचं पदार्पण त्याच सामन्यात झालं. मालिकेतल्या शेवटच्या कसोटीत, पुन्हा याच मैदानावर, गावसकरांनी १२४ आणि २२० धावा काढल्या. गेस्ट हाउसमध्ये एखादे वयस्कर गृहस्थ भेटले तर हा विषय काढा, गप्पा आपोआप सुरू होतात.

४. वस्ती निवडताना

पहिल्यांदा येणाऱ्याने वुडब्रुकच निवडावं, असं माझं स्पष्ट मत आहे. एका बाजूला आरियापिता अव्हेन्यू, तिथे खाण्यापिण्याची रांग; दुसऱ्या बाजूला ट्रॅगरेट रोड, तिथे शेअर टॅक्सी मिळते. मधल्या गल्ल्यांत जुनी बैठी घरं, पत्र्याची उतरती छपरं, लाकडी नक्षीच्या झालरी. त्यांतल्या काहींची आता गेस्ट हाउसं झाली आहेत. ही सगळी जमीन एकेकाळी अँगोस्टुरा बिटर्स (कॉकटेलमध्ये थेंब-थेंब घालायचा कडू अर्क) बनवणाऱ्या सीगर्ट कुटुंबाची होती, म्हणून गल्ल्यांना त्या घरातल्या माणसांची नावं आहेत: कार्लोस, आल्बर्टो, रोझालिनो, पेट्रा. पत्ता शोधताना ही नावं लक्षात राहतात.

फक्त खोली अव्हेन्यूला अगदी लागून घेऊ नका. शुक्रवारी-शनिवारी तिथे मध्यरात्रीनंतरही स्पीकर चालू असतात. दोन-तीन गल्ल्या आत असलेलं घर बघा.

सेंट क्लेअर आणि न्यूटाउन वकिलातींचे आणि ऑफिसांचे भाग. चांगले, पण महाग. सेंट ॲन्स आणि कॅस्केड हे भाग क्वीन्स पार्क सव्हाना या शहरातल्या मोठ्या मैदानाच्या उत्तरेकडच्या दरीत आहेत. झाडी भरपूर, हवा थोडी गार, दरही बरे. पण अंधार पडल्यावर तिथून चालत कुठे जाता येत नाही, टॅक्सीच बोलवावी लागते. चौघांचं कुटुंब असेल आणि गाडी भाड्याने घेणार असाल तर परवडतं, एकट्याला नाही.

डाउनटाउन, म्हणजे फ्रेडरिक स्ट्रीट आणि इंडिपेंडन्स स्क्वेअरचा परिसर, दिवसा गजबजलेला असतो. दुकानं बंद झाली की ओस पडतो. तिथली खोली स्वस्त दिसते ती याच कारणाने. लाव्हेंटिल, बीथम आणि सी लॉट्स या पूर्वेकडच्या भागांत खोली घेऊ नका. बुकिंगच्या साइटवर ‘शहराच्या मध्यापासून दोन किलोमीटर’ एवढंच लिहिलेलं असतं. ते दोन किलोमीटर पूर्वेला की पश्चिमेला, हे नकाशावर स्वतः बघा.

५. दर वाचताना

अमेरिकी डॉलर आणि त्रिनिदादचा स्वतःचा डॉलर (टीटी डॉलर), दोन्ही चलनांना चिन्ह एकच. एक अमेरिकी डॉलर म्हणजे साधारण पावणेसात टीटी डॉलर. खोलीचे दर बहुधा अमेरिकी डॉलरमध्ये सांगतात, जेवणाचे टीटीमध्ये. कुणी फोनवर ‘चारशे’ म्हटलं तर ‘यूएस की टीटी?’ हे लगेच विचारा. तिथले लोकही तसंच विचारतात, त्यात काही वाटून घेऊ नका.

दुसरं, साइटवरच्या दरात खोलीवरचा दहा टक्के कर धरलेला असेलच असं नाही. बऱ्याच ठिकाणी दहा टक्के सर्व्हिस चार्जही लागतो. म्हणजे ६० ची खोली ७२ ला पडते. साध्या, स्वच्छ गेस्ट हाउसची खोली साधारण ५० ते १०० अमेरिकी डॉलरमध्ये मिळते, हंगामाप्रमाणे कमीजास्त. त्याहून फार खाली दर दिसला तर वस्ती आणि फोटो पुन्हा तपासा.

पैसे बदलताना हात आखडता ठेवा. त्रिनिदादमध्ये परकी चलनाची टंचाई आहे, त्यामुळे उरलेल्या टीटी डॉलरचे परत अमेरिकी डॉलर करून घेणं अवघड जातं. दोन-तीन दिवसांपुरतेच टीटी घ्या, संपले की पुन्हा घ्या. यूपीआयवर भिस्त ठेवू नका.

६. बुकिंग पक्कं करण्याआधी विचारायचे प्रश्न

छोटी गेस्ट हाउसं व्हॉट्सॲपवर उत्तर देतात. उत्तर किती लवकर आणि किती नीट येतं, त्यावरूनही ठिकाण कळतं. हे विचारा:

- पाण्याची टाकी आणि पंप आहे का? शहराला वासा नावाची सरकारी संस्था पाणी पुरवते आणि कित्येक भागांत ते वेळापत्रकाने येतं. टाकी नसलेल्या घरी राहू नका.
- एसी आहे का, आणि तो दरात धरलाय का?
- खिडकीला जाळी आहे का? डेंग्यूचे डास दिवसा चावतात.
- फ्रिज आणि शेगडी वापरू देतात का? शाकाहारी माणसाला हे फार उपयोगी पडतं.
- रात्री दहानंतर फाटक कोण उघडतं?
- डिपॉझिट किती आणि परत कसं मिळतं?
- बुकिंग रद्द केलं तर पैसे किती कापणार?

फाटकाचा प्रश्न विसरू नका. या घरांत चोवीस तास रिसेप्शन नसतं. लोखंडी फाटक विजेवर चालतं, आत कुत्रा असतो आणि चावी सांभाळणारा माणूस दुसरीकडे राहत असतो. विमान रात्री उशिरा उतरणार असेल तर फ्लाइट नंबर आधीच कळवा, आणि विमान लेट झालं तर मधल्या विमानतळावरून पुन्हा कळवा.

७. विमानतळावरून खोलीपर्यंत

पियार्को विमानतळ शहराच्या पूर्वेला, सुमारे २७ किलोमीटरवर आहे. रस्ता मोकळा असला तर अर्धा-पाऊण तास लागतो. सकाळी शहराकडे येणाऱ्या आणि संध्याकाळी शहरातून बाहेर पडणाऱ्या गाड्यांची कोंडी झाली की तासाच्या वर जातो.

बाहेर आलात की अधिकृत टॅक्सीवाल्यांकडेच जा. दरपत्रक असतं, ते बघून आकडा आधी ठरवा. रात्री दर वाढतो. गाडीची नंबरप्लेट ‘एच’ अक्षराने सुरू होत असेल तर ती भाड्याची परवानाधारक गाडी. ‘पी’ म्हणजे खासगी. खासगी गाडीत प्रवासी घेणारे बरेच आहेत, त्यांना तिथे पीएच म्हणतात आणि स्थानिक लोक सर्रास त्यांत बसतात. नवख्याने बसू नये. शक्य असेल तर गेस्ट हाउसवाल्यांनाच ओळखीचा ड्रायव्हर पाठवायला सांगा. चार पैसे जास्त गेले तरी रात्रीच्या वेळी ते वसूल होतात.

सरकारी बसही आहे, पण तिकीट आधी विकत घ्यावं लागतं, ड्रायव्हर रोख पैसे घेत नाही. लांबच्या प्रवासानंतर सामान घेऊन तो खटाटोप करू नका.

८. खोलीत शिरल्यावर

बॅग उघडण्याआधी नळ सोडा, फ्लश ओढा, एसी लावून बघा, दाराची कडी आतून लावून बघा. नंतर खिडक्यांकडे वळा. जवळजवळ प्रत्येक घराला लोखंडी ग्रिल असतात आणि कित्येकदा दाराबाहेरच्या ग्रिललाही कुलूप असतं. आग लागली तर बाहेर कुठून पडायचं आणि त्या कुलपाची किल्ली कुठे टांगलेली आहे, हे पहिल्याच संध्याकाळी विचारून घ्या. एक किल्ली खोलीतच मागा.

वीज ११५ व्होल्टची आणि सॉकेट अमेरिकेसारखे, दोन चपट्या पिनांचे. फोन आणि लॅपटॉपचे चार्जर चालतात, फक्त अडॅप्टर लागतो. घरून आणलेली २३० व्होल्टची किटली मात्र तिथे फार हळू तापते. चहाची तलफ असणाऱ्यांनी दोन्ही व्होल्टेजवर चालणारी किटली घ्यावी.

घड्याळ भारताच्या साडेनऊ तास मागे. तिथे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा घरी पहाटेचे साडेपाच झालेले असतात. फोनसाठी बीमोबाइल आणि डिजिसेल या दोन कंपन्या आहेत, सिम घेताना पासपोर्ट दाखवावा लागतो.

९. खाणं: इथे पैसे खरे वाचतात

नाश्ता दरात धरलेली महागडी खोली घ्यायची गरज नाही. ३० मे १८४५ रोजी फातेल रझाक जहाजातून पहिले भारतीय मजूर त्रिनिदादला उतरले. तिथे आलेल्या भारतीयांमधले बहुतेक भोजपुरी मुलखातले. आज सगळं शहर त्यांचं खाणं खातं.

सकाळी कोपऱ्यावर ‘डबल्स’ची गाडी शोधा. कागदावर हळदीच्या रंगाच्या दोन मऊ तळलेल्या पुऱ्या (तिथे त्यांना ‘बारा’ म्हणतात), त्यावर रसदार चणे, वर काकडीचा कीस, चिंचेची चटणी आणि पेपर सॉस. गाडीवाल्याचा हात इतका भराभर चालतो की तुमची पाळी यायच्या आत किती तिखट हवं ते ठरवून ठेवा. पहिल्यांदा ‘स्लाइट’ म्हणा, म्हणजे जरासंच. कोल्हापुरी तिखटाची सवय असली तरीही. ही मिरची निराळी आहे आणि मागून चढते. दोन डबल्समध्ये सकाळ निघते आणि पूर्णपणे शाकाहारी.

साडा रोटी आणि टोमॅटो किंवा बैगन चोका हा दुसरा नाश्ता. बैगन चोका म्हणजे आपलं वांग्याचं भरीतच समजा. दुपारी रोटीच्या दुकानात ढालपुरी, म्हणजे डाळ भरलेली रोटी, किंवा ‘बस-अप-शट’, म्हणजे चुरलेला पराठा. ‘चन्ना ॲण्ड आलू, नो मीट’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर चिकन किंवा बोकडाचं मटण गृहीत धरतात. ‘इटल’ अशी पाटी दिसली तर ते रास्ताफारी पंथाच्या लोकांचं शाकाहारी जेवण, बिनधास्त जा. संध्याकाळी क्वीन्स पार्क सव्हानाच्या कडेला शहाळी, मक्याचं सूप आणि खाण्याचे स्टॉल लागतात.

टेबलावर बसून खायच्या रेस्टॉरंटमध्ये बिलावर साडेबारा टक्के व्हॅट आणि बहुधा सर्व्हिस चार्ज चढतो. रविवारी आणि सणावारी बरीच दुकानं बंद असतात, शनिवारी थोडं सामान आणून फ्रिजमध्ये टाकून ठेवा.

१०. फिरणं आणि सुरक्षितता

मॅक्सी टॅक्सी म्हणजे ठरावीक मार्गावरची छोटी व्हॅन. अंगावरच्या पट्ट्याचा रंग बघायचा: पिवळा पट्टा शहर आणि पश्चिमेकडे, लाल पूर्वेकडे, हिरवा दक्षिणेकडे. मुख्य तळ साउथ की रस्त्यावरचं सिटी गेट. आत चढताना ‘गुड मॉर्निंग’ म्हणा. दुकानात, गेस्ट हाउसमध्ये, रांगेतही आधी अभिवादन, मग काम. अंधार पडल्यावर भेटतानाही तिथे ‘गुड नाइट’ म्हणतात. हे न करता थेट ‘हाउ मच’ विचारलं तर लोकांना ते उद्धट वाटतं आणि उत्तरही तुटक मिळतं.

आता सुरक्षितता. गुन्हेगारीमुळे सरकारने ३० डिसेंबर २०२४ ला आणीबाणी जाहीर केली होती, नंतर जुलै २०२५ मध्ये पुन्हा केली. निघण्याच्या आठवड्यात बातम्या बघा. घाबरून जाणं रद्द करावं असं मी म्हणत नाही, पण काही नियम पाळाच. अंधार पडल्यावर सव्हानाच्या आतल्या मैदानातून चालू नका. फोर्ट जॉर्जचा टेकडीमाथा आणि समुद्रकिनारे दिवसाच बघा. सोन्याची चेन घरी ठेवा. रस्त्यात फोन हातात धरून नकाशा बघत उभं राहू नका, दुकानात शिरून बघा.

आणि लष्करी छापाचे कपडे नेऊ नका. त्रिनिदादमध्ये सामान्य नागरिकाने ते घालणं बेकायदा आहे, लहान मुलांची कार्गो पँट आणि पाठीवरची सॅकसुद्धा. आपल्याकडे हा छाप सगळीकडे मिळतो, म्हणून बॅग भरताना मुद्दाम बघा.

पोलिसांसाठी ९९९, रुग्णवाहिकेसाठी ८११, अग्निशमनासाठी ९९०. भारताचं हाय कमिशन व्हिक्टोरिया अव्हेन्यूवर, सव्हानाच्या जवळच आहे.

११. निघताना

विमान पहाटेचं असेल तर टॅक्सी आदल्या संध्याकाळीच ठरवा आणि ड्रायव्हरचा नंबर स्वतःकडे घ्या. बिल आणि डिपॉझिटही आदल्या रात्रीच मिटवा. पहाटे चार वाजता फाटक उघडायला येणाऱ्या माणसाकडे पैशांचा अधिकार नसतो. उरलेले टीटी डॉलर त्याच बिलात वापरून टाका, बाकीची रक्कम कार्डाने भरा आणि ‘पूर्ण भरणा’ लिहिलेली पावती घ्या. विमान रात्रीचं असेल तर सामान दिवसभर ठेवून घ्यायला बहुतेक गेस्ट हाउसं तयार असतात, पण ते आदल्या दिवशी विचारा.